आयसोलेट म्हणजे काय

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका सळई कारखान्यात विजेचं नवं पॅनेल बसलं आणि त्यावर लाल पाटी लागली, 'आयसोलेट बिफोर एंट्री'. पाटी इंग्रजी, कामगार बिहारचे, आणि त्यांना तिचा अर्थ सांगायचं काम अंबडच्या अर्पिताकडे. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली ही मुलगी सुरक्षा अधिकारी म्हणून नुकतीच लागली होती. तिला अर्धवट अर्थ चालत नसे.

"आयसोलेट मतलब?" तिने विचारलं.

"बंद करना!" सगळे एकदम ओरडले.

"नहीं. बंद तो पंखा भी करते हैं. कोई भी आके चालू कर देगा. आयसोलेट मतलब बिजली को मशीन से ऐसा अलग करना, कि तुम्हारे बिना कोई जोड़ ही न सके."

रामसूरत नावाचा उंच, काटक गडी मागून म्हणाला, "मैडम, फिर तो घरवाली ने हमको तीन साल से आयसोलेट किया है."

सगळे खिदळले. अर्पिताही हसली, पण सोडलं नाही. "चाबी किसके पास है?"

"उसी के पास."

"तो बराबर बोला. चाबी जिसके पास, मशीन उसका."

तिथली जुनी पद्धत वेगळी होती. सळई दाबणाऱ्या रोलखालच्या खड्ड्यात उतरणारा माणूस आपला गमछा पॅनेलच्या हँडलला बांधायचा. गमछा दिसला की हात लावायचा नाही. सुटला की माणूस बाहेर आला. फोरमन बद्रीनाथची अर्धी नोकरी त्या गमछ्यांवर नजर ठेवण्यात गेली होती. कापडाने हात थांबत नाही, म्हणून अर्पिताने ती रीत बंद केली आणि कुलपं मागवली. स्टोअरने एका पॅनेलला एकच कुलूप दिलं. माणसागणिक एक हवं, हे तिने दोनदा सांगून पाहिलं होतं.

गुरुवारी दुपारी लालभडक सळई रोलमध्ये अडकली आणि सापासारखी वेटोळं घालत वर उसळली. मिल थांबली. रामसूरतने हँडल खाली ओढलं, कुलूप घातलं, चावी कंबरेच्या करगोट्याला बांधली आणि खड्ड्यात उतरला. सोबत तातेराव फिटर. मिलच्या आवाजाने तातेरावांचे दोन्ही कान कधीचेच गेले होते.

थोड्या वेळाने रामसूरत गॅस कटर न्यायला वर आला. गमछा त्याच्या गळ्यातच होता. बद्रीनाथने गळ्यातला गमछा पाहिला, हँडलला काही बांधलेलं नाही हे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ठरवून टाकलं की खड्डा रिकामा आहे.

"चाबी दे."

"अंदर आदमी है, साहब."

"कोन? तात्या तर चहाला गेल्ता, म्या पाह्यलं. जल्दी दे, भट्टीत माल जळून राह्यला."

"अंदर है. चाबी नहीं देंगे."

पहिली थप्पड कानाखाली बसली. रामसूरत हलला नाही, तेव्हा बद्रीनाथने सळईचा तुकडा उचलला. खांद्यावर, मग पाठीवर, मग तोंडावर. ओठ फाटला, एक दात रक्तासकट जमिनीवर पडला. रामसूरत गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी कंबर आवळून पडून राहिला. बाकीचे भिंतीला लागून उभे. हजेरी बद्रीनाथच्याच हातात होती.

आरडाओरडा ऐकून अर्पिता धावत आली, तेव्हा बद्रीनाथ मोठा हातोडा घेऊन कुलपावर घाव घालत होता. कडी वाकली होती.

"थांबा! तात्या खाली असतील!"

"तुमचीच शाळा हाय ही! साधा कामगार मला न्हाई म्हणतो!"

"आधी खड्ड्यात बघा ना!"

"बाजूला व्हा, मॅडम."

त्याने हातोडा पुन्हा उचलला. आणखी एका घावात कडी तुटणार, मग हँडल वर जाणार, आणि खाली ते रोल फिरणार. ओरडून उपयोग नव्हता. खालच्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. अर्पिताने उजव्या हाताची मूठ कुलपाभोवती वळली. बद्रीनाथचा घाव सुटला होता, त्याला तो आवरता आला नाही.

हाडाचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन बोटं पार चेंदून गेली. ती किंचाळली, पॅनेलवर कोसळली, पण मूठ उघडली नाही. रक्त कुलपावरून खाली ठिबकू लागलं.

बद्रीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम, सोडा," तो म्हणाला, आणि हातोडा मात्र हातातच होता.

तेवढ्यात खड्ड्यातून, सळईच्या वेटोळ्याखालून एक तेलकट पंजा वर आला, मग काळवंडलेलं डोकं.

"ए रामसूरत, कटर कुठंय रे?" तातेराव मोठ्याने ओरडले, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "किती वेळ झाला!" मग त्यांना रक्त दिसलं. "कोणाला लागलं?"

बद्रीनाथच्या हातातून हातोडा गळून पडला आणि तो मटकन खाली बसला.

रामसूरत उठला. रक्त थुंकला. गळ्यातल्या गमछ्याने त्याने अर्पिताचा हात घट्ट बांधला आणि भिंतीजवळच्या दोघांना ओरडून सांगितलं, "मैडम को अस्पताल ले जाओ." ते दोघे लगेच धावले. मग हातोडा उचलून तो बद्रीनाथसमोर उभा राहिला. बद्रीनाथ नजर वर करेना. दाराकडे नेली जात असताना अर्पिताने मागे वळून पाहिलं. रामसूरतला थांबवावं असं तिला त्या क्षणी वाटलं नाही.

पण रामसूरतने हातोडा उगारला नाही. तातेरावांनी खुणेनं विचारलं, वर येऊ का? रामसूरतने नकारार्थी मान हलवली, कटर खाली दिला आणि हातोडा मांडीवर घेऊन, वाकलेल्या कुलपाखाली पॅनेलला पाठ लावून बसला. खड्ड्यातून लोखंड कापल्याचा आवाज येऊ लागला.