लिलावात निघालेली पायपेटी

सलाम, मित्रांनो! मी चर्चमधली पायपेटी. मला जुनी म्हणा, चालेल. मोडकी म्हणाल तर गाठ माझ्याशी आहे! माझं अंग सागवानी, सूर पितळेचे. पायाने भाता हलवला की माझ्या पोटात वारा भरतो आणि पट्ट्या दाबल्या की तोच वारा गातो. सोनईच्या अलीकडच्या आमच्या गावात माझा आवाज ओळखत नाही असं एकही घर नाही.

माझ्यावर शिकलेली जास्मिन आज मोठी संगीतकार आहे. व्हायोलिन, चेलो अशा वाद्यांसाठी ती नवं संगीत लिहिते आणि पुण्या-मुंबईचे नावाजलेले वादक ते वाजवतात. तिला पहिले धडे मात्र योसेफगुरुजींनी माझ्यावरच दिले. बसल्यावर पाय पोचत नसत, म्हणून पोरगी उभ्यानेच वाजवायची. तेव्हाच मी ओळखलं, ही काही साधी नाही.

पुण्याहून शिकून आल्यावर तिने पहिली रचना गावात ऐकवली. बाई गं, काय ते सूर! एकावर एक, एकावर एक. मला तर धाप लागली. आमच्याकडे चांगुणाबाईंनी सूर लावल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. वाजवून संपल्यावर त्या पुढच्या बाकावरून म्हणाल्या, "लई हुशार झालीस पोरी. पन यात आमी कुठं गायचं?"

जास्मिनला ते फार लागलं. मग तिने दुसरं टोक गाठलं. तिचं संगीत इतकं विरळ झालं, की एक सूर वाजला की दुसऱ्याची वाट बघत बसावं. शहरात वाहवा झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. पण चांगुणाबाई आपणहून गातील अशी एक तरी रचना व्हावी, ही तिची इच्छा तशीच राहिली. बाई आता थकत चालल्या होत्या, त्यामुळे जास्मिनला घोर लागला होता.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली. एव्हाना चर्चमध्ये कीबोर्ड आला होता आणि मी कोपऱ्यात सतरंज्यांच्या ढिगाखाली पडले होते. राग येणार नाही तर काय! तिने सतरंज्या उतरवल्या, भात्याला नवं चामडं लावलं आणि वाजवायला बसली. वाजवता वाजवता तिच्या ध्यानात आलं, की मी ओळ संपली की दम घेते आणि गाणारी माणसंही तिथेच दम घेतात.

"अगं, हे कसं विसरले मी!" ती मोठ्याने म्हणाली. उशिरा का होईना, शहाणी झाली.

तिने नवी रचना लिहिली. एक ओळ मी वाजवायची, मग थांबायचं आणि तीच ओळ लोकांनी उचलायची. आधी कोणाला काही शिकवायचं नाही, असं तिने ठरवलं. चाल मनाला भिडली तर लोक गातील, नाही तर नाही.

कापणीच्या सणाला ती वाजवायची ठरली. या सणाला आमचे लोक शेतातलं पहिलं पीक देवापुढे ठेवतात, मग चर्चसाठी त्याचा लिलाव होतो. तीन वार झाले की बोली मोडत नाही. घेणाऱ्याने मनात आणलं तर वस्तू देवाला परत देऊन पुन्हा लिलावात ठेवावी, हाही रिवाजच.

सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जास्मिनने मला देवापुढे आणलं. झालं! आमच्या उत्साही मंडळींनी माझ्यावर कणसं, भोपळे आणि पाय बांधलेला कोंबडा ठेवला. लिलाव पुकारणारे जेम्सकाका रंगात आले होते. भोपळे गेले, कोंबडा गेला आणि त्याच झपाट्यात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बोला, ही पेटी! एक वार, दोन वार, तीन वार!"

बोली लागली कांद्याचे व्यापारी भाऊसाहेब यांची. त्यांना मी नव्या बंगल्यात शोभेला हवी होते. टेम्पो दाराशीच उभा!

जास्मिन धावत आली. "भाऊसाहेबकाका, पेटी तुमचीच. पण नेण्याआधी एकदा वाजवू द्या."

"वाजव की! टेम्पो काय पळून चाललाय व्हय?"

ती बसली. पहिली ओळ संपली, मी थांबले. कोणी गायलं नाही. दुसरी संपली, आरवला तो फक्त कोंबडा. तिसऱ्या ओळीला मात्र पुढच्या बाकावरून एक चिरका, थरथरता आवाज उठला. चांगुणाबाई! मग त्यांच्या मागचा बाक, त्याच्या मागचा. शेवटी तर दारातला टेम्पोवालाही गायला लागला. खरं सांगते, एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

भाऊसाहेबांनी डोळे पुसले. "पेटी देवाला परत दिली. पुन्हा पुकारा."

जेम्सकाकांनी पुकारलं, "बोला, कोण घेतं?"

आत्ता घसा ताणून गाणारी सगळी माणसं ओठ घट्ट मिटून बसली. कोणी बोली लावेना.

"एक वार... दोन वार..." तिसरा वार त्यांच्याही तोंडातून निघेना.

"बस कर, जेम्स," चांगुणाबाई म्हणाल्या, "आन् तू गं पोरी, थांबलीस का? पुन्यांदा वाजव. माझं मन भरलं न्हाई अजून."

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादं वाद्य पडून असेल, तर आजच त्याच्यावरचं सामान उतरवा. पुसा, वाजवा, चुकत चुकत वाजवा. आम्हा वाद्यांना म्हातारपण चालतं, पण गप्प बसणं सोसवत नाही.