कांडी संपली

हॉटेलच्या दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या कारखान्याच्या मालकांनी तिथली शांतता पहिल्याच वाक्यात मोडीत काढली.

"आमचं बुकिंग आहे," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे त्यांच्या मानाने; इतरांच्या मानाने ओरडलेच. काउंटरमागची मुलगी खुर्चीतून अर्धी उठली आणि कोपऱ्यात पांढरे झगे घालून पेंगत बसलेले दोन पाहुणे दचकून जागे झाले. मुलीने ओठांवर बोट ठेवलं आणि गोड हसून काहीतरी कुजबुजली.

"काय म्हणते ही?" मालकांनी बायकोला विचारलं. तेही सगळ्या दिवाणखान्याला ऐकू गेलं.

मालकीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि हातानेच सांगितलं. एक बोट वर, मग तळहात खाली: वरच्या मजल्यावर खोली आहे, आवाज कमी. मालकांनी मान डोलावली. यात त्यांना काहीच वेगळं वाटलं नाही, कारण लग्नानंतरचा या दोघांचा निम्मा संसार हातांनीच झाला होता.

त्यांचा यंत्रमागांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं, पण होते आठ माग आणि वर पत्रा. आठही सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नसे. मग खुणा आल्या. दोन बोटं कात्रीसारखी उघडली की धागा तुटला. मूठ वळून खाली दाबली की माग बंद कर. कितवा, ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी. अंगठा ओठांकडे नेला की चहा. पोटावरून गोल हात फिरवला की व्यापारी आला, कारण त्यांचे सगळे व्यापारी पोटाने आधी आत यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण कांडीची. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की माग नुसताच खडखडतो, कापड पुढे सरकत नाही. म्हणून तर्जनी हवेत फिरवून रिकामा तळहात दाखवायचा: कांडी संपली. ही खूण ज्याला दिसेल त्याने हातातलं काम टाकून भरलेली कांडी घेऊन धावायचं, असा या दोघांचा नेम होता. भांडण असलं तरी तो मोडायचा नाही.

या खुणांवर संसार झाला, पण मालकांचे कान गेले. ते कबूल करायचे नाहीत. लोक हल्ली पुटपुटतात, एवढंच त्यांचं म्हणणं.

आरामाचे तीन दिवस ही लेकीची भेट होती. कारखाना भाच्याच्या हवाली करून, लेकीने दोघांना अक्षरशः ढकलून गाडीत बसवलं. मालकीणबाई मात्र मनात काहीतरी घेऊन निघाल्या होत्या. त्यांना आता कारखाना बंद करायचा होता. खांदा वर उचलवत नव्हता, सकाळी उठल्यावर पहिला विचार मागांचाच येतो म्हणून त्यांना रडू यायला लागलं होतं. नवऱ्याला हे सांगायला त्या वर्षभर धडपडत होत्या. पण दिवसा माग चालू, आणि संध्याकाळी नवरा ताटावरच डुलक्या घेणार. त्यातून काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. 'मी थकले' हे ओरडून सांगितलं की त्याचं भांडण होतं, हे त्यांना एकदा प्रयत्न करून कळलं होतं. शेजारचे मध्यस्थी करायला आले होते.

निवांत जागी, शांतपणे सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण हॉटेलात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हळू बोललं तर नवऱ्याला ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोलायला बंदी. म्हणजे लेकीने पैसे भरून आईची पुरती कोंडी केली होती.

पहिल्या दिवशी मालिश. एकाच खोलीत शेजारी शेजारी दोन पलंग, मंद दिवे, तेलाचा वास. मालकांच्या वाट्याला आलेला मालिशवाला पैलवानी अंगाचा होता. त्याने पाठीत कोपर रोवलं तशी मालकांच्या तोंडून हुंकार निघाला. मालिशवाल्याने खाली वाकून हळूच विचारलं, जोर ठीक आहे का? मालकांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. त्यांनी सवयीने मूठ वळली आणि खाली दाबली. माग बंद कर.

मालिशवाल्याने मुठीकडे पाहिलं. गिऱ्हाईक दर्दी आहे असं समजून त्याने दोन्ही कोपरं कामाला लावली.

मालकांनी मूठ आणखी जोरात दाबली. मालिशवाला आणखी खुशीत आला. शेवटी मालकांनी केविलवाणं तोंड बायकोकडे वळवलं आणि दोन बोटं कात्रीसारखी उघडली. धागा तुटला. मालकीणबाईंना हसू आवरेना. उशीत तोंड खुपसून त्या इतक्या हसल्या की त्यांची मालिशवाली पाणी आणायला धावली. नवऱ्याला सोडवायचं सोडून आपण हसत बसलो याची त्यांना जरा लाज वाटली, पण खरं सांगायचं तर फारशी नाही.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "चहा पाहिजे." चहाच्या नावाखाली काचेच्या पेल्यात गवत बुडवलेलं गरम पाणी आलं. मालकांनी एक घोट घेतला आणि पेला शेजारच्या कुंडीजवळ ठेवला, गवत गवताला भेटावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मालकांचे डोळे लाल. "झोप नाही," त्यांनी जाहीर केलं. "इथे रिकामं रिकामं वाटतं." दुपारी मालकीणबाई त्यांना शोधत बागेत गेल्या, तर हे महाशय आरामखुर्चीत गाढ झोपलेले आणि फोन कानावर उशीसारखा. त्यांनी वाकून पाहिलं. फोनमधून खडखडाट येत होता. भाच्याला सांगून मालकांनी तिकडचा फोन मागांजवळ ठेवायला लावला होता आणि आठ मागांच्या आवाजात बाळासारखे झोपी गेले होते.

 मालकीणबाई खुर्चीशीच थबकल्या. या माणसाला कारखाना बंद करू म्हणायचं? याची झोपसुद्धा मागांकडे गहाण पडलेली. त्यांनी त्याच्या पायावर चादर ओढली आणि मनातली गोष्ट पुन्हा गिळली.

शेवटच्या दिवशी मौनकुंड. छताला काच, खाली ऊन ऊन पाण्याचं गोल कुंड, कडेला दगडी पायऱ्या, आणि भिंतीवर पाटी: इथे बोलू नये. बायका एका बाजूला, पुरुष समोर. सगळे गळ्यापर्यंत पाण्यात, मूग गिळून बसलेले. तेवढ्यात एक पोटवाले गृहस्थ पायऱ्या उतरू लागले. पलीकडून मालकांनी पाण्याबाहेर हात काढला आणि गंभीर चेहऱ्याने स्वतःच्या पोटावरून गोल फिरवला. व्यापारी आला.

मालकीणबाई खुदकन हसल्या. मग त्यांनी अंगठा ओठांकडे नेऊन विचारलं: त्याला चहा पाजायचा का? मालकांनी झटकन नको म्हणून हात हलवला आणि बोटं पाण्यात बुडवून दाखवली. गवत पाजू. शेजारी बसलेल्या बाईंनी त्या दोघांकडे पाहिलं आणि डोळ्यांत कणव आणून मालकीणबाईंचा हात दाबला. दोघंही मुके आहेत अशी त्या बाईंची समजूत झाली होती.

आणि तेव्हा मालकीणबाईंना कळलं की या अख्ख्या कुंडात बोलता येणारी माणसं दोनच आहेत. ओरडायला नको. भांडण नको. 

त्यांनी मूठ वळून खाली दाबली. माग बंद कर.

कितवा? मालकांनी भुवया उडवल्या.

त्यांनी एक बोट वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. हाताची पाचही बोटं झाली, तेव्हा दुसरा हात पाण्याबाहेर आला. सहा, सात, आठ.

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी दोन बोटं उघडली: काय तुटलं? मालकीणबाईंनी मान हलवली. तुटलं काही नव्हतं. त्या खांद्याकडे बोट दाखवू लागल्या, पण नुसता खांदा नव्हता ना. थकले याला त्यांच्याकडे खूणच नव्हती; इतक्या वर्षांत ती करायची वेळच कधी दोघांनी येऊ दिली नव्हती. क्षणभर त्यांचे हात तसेच हवेत राहिले. मग त्यांनी तर्जनी गोल फिरवली, रिकामा तळहात उघडून दाखवला आणि तोच हात आपल्या छातीवर ठेवला.

कांडी संपली. माझी.

  मालक उठले आणि भर कुंडातून, पोटवाल्या गृहस्थांना बाजूला सारत, पाणी उडवत थेट बायकोकडे चालत आले. ती खूण दिसली की धावायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. जवळ पोचल्यावर हातात द्यायला काही नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी आपला रिकामा हातच मालकीणबाईंच्या हातात दिला.

मग मूठ वळून खाली दाबली. बंद. आणि एक बोट वर केलं, गाल तळहातावर टेकवला: एक माग राहू दे, झोपेपुरता.

मालकीणबाईंनी हो म्हटलं. डोळे भरून आले होते, पण पाण्यात ते कोणाला कळणार?

"एवढे दिवस बोलली का नाहीस?" मालकांनी विचारलं. काचेचं छत थरथरलं. शेजारच्या कनवाळू बाई पायरीवरून घसरल्या आणि दारातली मुलगी ओठांवर बोट ठेवून धावत आली.

मालकीणबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "ओरडून सांगायची गोष्ट नव्हती हो ती," त्या म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि अंगठा ओठांकडे नेला. ते मात्र मालकांना लगेच समजलं, आणि दोघं खरा चहा शोधायला कुंडाबाहेर पडले.