आडवी कबर

केंटकीच्या या खोऱ्यात पहिली जमीन धरली ती ओबडायाने. रविवारी चर्चमध्ये तान्ह्या नातवाला त्याचंच नाव द्यायचं, म्हणून वर्लीना मूळपुरुषाची कबर शोधत ओसेल आत्याबरोबर टेकडीवर आली होती.

“वेली उपटू नकोस गं,” आत्या म्हणाली.

“का? म्हातारा उठून बसेल?”

वेली निघाल्या तशी वर्लीना आजूबाजूच्या कबरींकडे पाहू लागली. बाकी सगळ्या कबरींत मृतांचे पाय पूर्वेला होते. ही एकटीच कबर आडवी, उत्तर-दक्षिण. खुन्याला इथे असंच पुरतात.

“कुणाला मारलं त्यानं?”

“जमीन ज्याची होती त्याला. पाळण्यातल्या पोरासकट.”

वर्लीना भराभर वेली परत कबरीवर ओढू लागली. तेवढ्यात खाली बाळाजवळ थांबलेल्या मुलाची हाक आली.

“आई, चल लवकर. ओबडाया उठलाय.”