कोबीचा रस

"नाक धरा आन् घ्या एकदाचं," म्हणत दैवशालानं कोबीच्या रसाचा पेला नवऱ्याच्या तोंडाला लावला, तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती धम्मशीला दारात आली. चारठाण्यातलं आजचं तिचं हे बारावं घर. सूर्यभानची बसलेली गालफडं बघून ती चरकली.

"भाऊ, पोटातल्या गाठीचं ऑपरेशन झालं न्हाई का?"

"आता कशाला?" दैवशाला म्हणाली. "तुमीच मीटिंगमधी सांगितलं ना, कोबी, मुळा, लसूण खाल्ल्यावर पोटाचा कॅन्सर पळतो. महिना झाला, दोन येळा पाजायलेय मी."

धम्मशीला उंबऱ्यातच बसली. मीटिंगसाठी आलेल्या माहितीच्या कागदावर लिहिलं होतं, भाज्यांमधल्या काही घटकांमुळे कॅन्सर होण्याचा धोका कमी होऊ शकतो. त्या दिवशी उन्हानं ती थकली होती, बायका आपसात बोलत होत्या. तिनं एका वाक्यात उरकलं होतं.

"वहिनी, माझं चुकलं. ते आजार व्हायच्या आधीचं हाय. त्याचीबी खात्री न्हाई. झालेली गाठ रसानं जात न्हाई."

दैवशालानं पेला खाली ठेवला.

"तिला काई बोलू नका," सूर्यभान हळूच धम्मशीलाला म्हणाला. "मलाच चिरफाडीचं लय भ्या वाटायलं होतं. रस बरा वाटला."

दुसऱ्या दिवशी धम्मशीला दोघांना घेऊन परभणीच्या दवाखान्यात गेली. तपासण्यांत दुपार सरली. डॉक्टरांनी दोघींना बाजूला बोलावलं. आजार यकृतात पसरला होता, आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता.

"महिन्यापूर्वी आणलं असतं तर?" धम्मशीलानं विचारलं.

"कदाचित जमलं असतं. कदाचित नसतंही. सांगता येत नाही."

दैवशालानं पिशवी उचलली आणि ती बाहेर निघाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर धम्मशीलाला सोसलं असतं.

त्या बाहेर आल्यावर सूर्यभाननं बायकोच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि तो उठून फाटकाकडं चालू लागला.

परतीच्या एसटीत तिघांच्या बाकावर तो खिडकीशी बसला, शेजारी दैवशाला. कडेच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली. धम्मशीला दांडीला धरून उभी राहिली.

"बसा की ताई," सूर्यभान म्हणाला. "सकाळपासून तुमी पायावरच हाव."

"राहू द्या भाऊ."

गाडी शहराबाहेर पडली. खड्ड्यात आदळली तशी धम्मशीला झोकांडली. दैवशालानं तिच्याकडं न बघता पिशवी उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.