औषधाची चव

आचारी वैद्यबाईंकडे जायला तयार झाला तो केवळ बायकोची भुणभुण थांबावी म्हणून. नवऱ्याला झोप लागत नाही, एवढंच तिला दिसत होतं. का लागत नाही, ते त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. त्याच्या जिभेची चव गेली होती. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो निव्वळ अंदाजाने मीठ टाकत होता, आणि हे मॅनेजरच्या कानावर गेलं असतं तर नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं. घरी तो मुकाट्याने जेवायचा. एरवी बायकोच्या भाजीला नावं ठेवल्याशिवाय त्याचा घास उतरत नसे.

वैद्यबाईंच्या खोलीत धूर नव्हता की गूढ काही नव्हतं. टेबल, खुर्च्या आणि भिंतभर चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या. बाईंनी नाडी पाहिली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. पोट साफ होतं का, या प्रश्नाला आचारी लाजला. उत्तर बायकोनेच दिलं, आणि चांगलं सविस्तर दिलं. चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीटही पिशवीतून तिनेच काढलं.

"या कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"रक्तदाबाच्या आहेत. डॉक्टरांनी उन्हाळ्यात बदलून दिल्या," बायको म्हणाली.

"तोंडाला चव आहे?"

"आहे की," आचारी म्हणाला. "माझा धंदाच चवीचा."

बाईंनी एका बरणीतली चिमूटभर पिवळट पूड त्याच्या तळहातावर ठेवली आणि जिभेवर टाकायला सांगितलं. आचारी काही दूधखुळा नव्हता. चूर्ण कडूच असायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने पूड तोंडात टाकली, डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं.

"फार कडू आहे. पण औषध म्हटल्यावर चालायचंच."

बाईंनी तीच पूड बायकोच्या हातावर ठेवली. तिने चाटली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो, ही गोड आहे."

"ज्येष्ठमध आहे," बाई म्हणाल्या.

आचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्याने सगळं सांगून टाकलं, कॅन्टीनच्या मिठासकट.

"कधीकधी गोळ्यांनी असं होतं," बाई म्हणाल्या. "ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांना आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. तोवर मी काही देणार नाही."

"चव परत येईल ना?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही."

दोघं जिना उतरून रस्त्यावर आले. मॅनेजरला काय सांगायचं, या विचारात आचारी होता.

"तुम्ही नावं ठेवायची बंद केलीत," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, एकदाची माझ्या हाताला चव आली."