बाहेर पडण्याची चाचणी

साहेबांनी लॉगिनच्या तक्रारींचा विषय काढला, तेव्हा धाकटीला ते काम डाव्या हाताचा मळ वाटलं.

पाणीपट्टी, ग्रंथालय आणि महिला मदत केंद्र ही नगरपालिकेची तीन पानं एकाच पत्त्याखाली, पण तीन वेगळ्या सबडोमेनवर, म्हणजे उपपत्त्यांवर, होती. प्रत्येक ठिकाणी नव्याने पासवर्ड द्यावा लागे.

"माणूस एकदा आत आला की सगळीकडे फिरला पाहिजे," साहेब म्हणाले. "आमची आई पासवर्ड विसरते आणि वर मलाच झापते."

धाकटी म्हणजे तिथली प्रोग्रामर. मोठ्या बहिणीने एकदा ऑफिसात फोन करून "धाकटीला द्या हो जरा" म्हटलं आणि घरचं नाव ऑफिसातही चिकटलं.

लॉगिन केलं की ब्राउझर एक कुकी जपून ठेवतो, एक प्रकारची ओळखचिठ्ठीच. आजवर ती चिठ्ठी ज्या सबडोमेनने दिली तिथेच चालायची. धाकटीने साइटच्या सेटिंगमध्ये कुकीचं डोमेन म्हणून मुख्य पत्ता घातला. आता एकच चिठ्ठी सगळीकडे चालणार होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर माणसाचं नाव आणि शेजारी त्याच्या सेवांची आणि निरोपांची पट्टी दिसू लागली. मदत केंद्र यातून वगळावं का, हा विचार तिच्या मनाला चाटून गेला. पण त्यासाठी वेगळी मांडणी करावी लागली असती. तिने तो सोडून दिला.

चाचणी तिने मन लावून केली. पाणीपट्टीतून ग्रंथालयात, तिथून मदत केंद्रात. सगळी दारं उघडली. शेवटी तिने 'बाहेर पडा' दाबलं. 'आपण बाहेर पडला आहात' असं पडद्यावर आलं. ते वाचून तिने ब्राउझर बंद केला. खरंच बाहेर पडलो का, हे बघायला ती परत गेली नाही.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला, शेजारणीच्या फोनवरून. नवऱ्याचा मार खाऊन ती थकली होती. तिला मदत केंद्राने एका घरात खोली मिळवून दिली होती. त्या घराचा पत्ता केंद्र तिथे येणाऱ्या बायकांखेरीज कुणालाच सांगत नसे.

"माझा फोन हे रोज बघतात गं. केंद्राच्या पानावर आलेला निरोप घरच्या कॉम्प्युटरवर वाचला तर चालेल?"

"वाच की. फक्त 'बाहेर पडा' दाब. मग कुणाला काही दिसत नाही."

"नक्की?"

"अगं, मीच केलंय ना ते!"

"म्हणूनच विचारतेय," ताई म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

गुरुवारी बाजाराला जाते म्हणून ती घर सोडणार होती. दुपारी मदत केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी धाकटीला फोन करून विचारलं, "तुमची बहीण आली नाही. काही कळलं?"

धाकटीने ताईला फोन लावला. उचलला भावोजींनी.

"बोला मेहुणीबाई! तुमचं कौतुक राहूनच गेलं. पाणीपट्टी भरायला बसलो, तर वर आमच्या हिचं नाव, आयतं. पासवर्डसुद्धा मागितला नाही. शेजारच्या पट्टीत केंद्राचा निरोप. खोली बरी दिसते हो. पत्ताही सोपा आहे."

"ताईला द्या."

"तिला बरं नाहीये."

फोन ठेवून धाकटीने लॉगिन केलं, 'बाहेर पडा' दाबलं आणि पाणीपट्टीचं पान उघडलं. वर तिचं नाव तसंच होतं. बाहेर पडण्याचा जुना कोड एका सबडोमेनपुरती जुनी चिठ्ठीच पुसत होता; सगळीकडे चालणारी नवी तशीच राहत होती. कुकी पुसतानाही ती देताना घातलेलंच डोमेन सांगावं लागतं. ते तिने सांगितलंच नव्हतं. तिने ती ओळ दुरुस्त केली, सगळ्यांची लॉगिन रद्द केली आणि साहेबांना सांगितलं.

"कुणाची तक्रार तर नाही ना आलेली?" साहेबांनी विचारलं.

मग तिने केंद्रात फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा केंद्राच्या बाईंनी आवाज चढवला नाही. "पत्ता फुटला म्हणजे ते घर गेलं आमच्या हातचं. आतल्या सगळ्यांना आजच हलवायचंय, लेकरांसकट. पोलीस घेऊन तुमच्या बहिणीकडे निघालेय. तुम्ही या. तुम्हाला बघून निघेल कदाचित."

दार भावोजींनीच उघडलं. धुतलेला शर्ट, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. मागे भिंतीला धरून ताई उभी होती. तिचा डावा डोळा सुजून मिटला होता.

"पडली बाथरूममध्ये," भावोजी म्हणाले. "आणि काय हो मेहुणीबाई, पावती काढत होतो, तर परत पासवर्ड मागतंय. बिघडवलंत वाटतं?"

पोलीसबाईंनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि ताईला विचारलं, "यांच्याबरोबर जायचंय तुम्हाला? तुम्ही हो म्हणा, पुढचं आम्ही बघतो."

"दुसरी जागा बघितलीय," केंद्राच्या बाई हळूच म्हणाल्या. "ह्यांना कळणार नाही."

"ताई, चल ना," धाकटी म्हणाली. "ते दुरुस्त केलंय मी."

ताईने उघड्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"नक्की?" तिने विचारलं.

मागच्या वेळी उत्तर धाकटीच्या जिभेवर तयार होतं. या वेळी तिने केंद्राच्या बाईंकडे पाहिलं.

"मी पडले बाथरूममध्ये," ताई पोलीसबाईंना म्हणाली आणि स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं.