नदीनं आणलेली भावली

अंबूबाईनं किंकाळी फोडली तेव्हा मला वाटलं, साप. ती तशीच आहे, पाल दिसली तरी गाव गोळा करते. मी धुण्याची टोपली खाली ठेवली, तिला दोन शिव्या दिल्या आणि पुढं गेली. साप नव्हता.

लव्हाळ्यात भावल्या अडकल्या होत्या. कागदाच्या तोंडाच्या, अंगावर चिंध्यांची लुगडी, एकेक भावली पेंढ्याच्या चकतीवर बसवलेली. पाणी हललं की त्या हलत होत्या, आणि तोंडं सगळ्यांची आमच्याकडं.

"शिवू नको गो!" मी ओरडली.

कागदाच्या भावलीला काय घाबरायचं, असं तुमी विचाराल. आमच्याकडचे असाल तर नाय विचारणार. गावात रोगराई आली की आमी टोपली भरतो. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात, मधे एक कणकेची बाई. ती टोपली वेशीबाहेर नेऊन ठेवायची आणि मागं वळून बघायचं नाय. रोग तिच्याबरोबर जातो. कुठं जातो? पुढच्या गावाला. पटकीच्या साली आमीच ठेवून आलो होतो. तेव्हा नदीवर भावल्या दिसल्या म्हंजे काय, ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही समजतं. वरच्या कोणीतरी आपलं दुखणं आमच्यावर सोडलं होतं.

त्यात दिवस कसले! एकेचाळीस सालचा आश्विन, घरोघर थंडीताप. काळूरामची पोरगी त्याच आठवड्यात गेली होती. तिचा धाकटा भाऊ बुधू फणफणत पडला होता, डोळे उघडत नव्हता.

अंबूबाई गावाकडं पळत सुटली. मी एकटी उभी राहिली आणि माझी नजर एका भावलीवर गेली. तिच्या अंगावर जांभळा काठ होता, पिवळ्या रुईफुलांचा. माझ्या लुगड्याचा काठ! नवऱ्यानं कल्याणहून आणलेलं ते लुगडं मी सणासुदीला मिरवलेलं, सगळ्या गावानं बघितलेलं. तो गेला आणि मी ते घालायचं सोडलं. काठ फाडून गोधडीला दिला होता, सुनेला.

धुणं तिथंच टाकून मी घर गाठलं.

सुंदरा, माझी सून, चुलीपुढं भाकरी थापत होती. सातवा महिना, तोंडावर घाम. तिचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला, किन्हवलीजवळ. गौरीला गेली ती चांगली महिनाभर राहून आली होती. तिथल्या धर्मशाळेत मुंबईच्या बायकांच्या कसल्याशा मंडळानं एक जपानची बाई आणून ठेवली होती, फुमीबाई. तिचा नवरा मुंबईत कापसाच्या कंपनीत होता, तो वारला, तरी ही बाई मागं राहिली. बांबू केसासारखा बारीक कसा चिरायचा, कागदाचे कंदील कसे करायचे, चिंधीवर रंग कसा चढवायचा, हे ती गावातल्या बायापोरींना शिकवायची. सुनेला आणायला गेली तेव्हा मीपण तिचा कार्यक्रम बघितला होता. हातात पंखा घेऊन नाचली. नाचली म्हंजे काय, एक पाऊल टाकायला तिला इतका वेळ लागे की तेवढ्यात माझी म्हैस दोहून झाली असती. मी तोंडाला पदर लावून हसली. तिनं बघितलं आणि तीपण हसली. बरी वाटली बाई.

आता मला हसू येत नव्हतं.

"सुंदरे, भावल्या केल्यास का गो तिथं?"

तिचे हात थांबले. "कोणी सांगितलं तुमाला आत्या?"

"नदीनं सांगितलं. बोल लवकर."

"बाईनं शिकवलं. भावली करायची, अंगावरून फिरवायची, तिच्यावर फुंकर मारायची. आपल्यातलं वाईट तिच्यात जातं. मग पाण्यात सोडायची. त्यांच्याकडं पोरीबाळींसाठी फाल्गुनात करतात. आपल्या नदीला फाल्गुनात पाणी कुठलं, म्हणून आता केलं. मी यायच्या आधी बनवून ठेवली होती. परवा सगळ्यांच्या सोडणार होते."

"तू काय घातलंस तिच्यात?"

ती एकदम रडायलाच लागली. "माझी दोन पोटातच गेली ना, आत्या. मी बोलली, ते सगळं घेऊन जा. ह्या खेपेला राहू दे."

मला तिच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. "अगो येडे, ही नदी जाते कुठं? तुझ्याच सासरी येते ना!"

"माहेरी असल्यावर सासर कुठं आठवतं?" ती हुंदके देत बोलली.

खरं होतं. मला तरी कुठं आठवायचं!

पण मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीनं. काळूरामची जी पोरगी गेली, तिला हिनंच कागदाचं पाखरू करून दिलं होतं. पोरीनं ते शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवलं होतं. अजून कोणाला आठवलं नव्हतं. पण आठवायला कितीसा वेळ! डोंगराकडच्या एका पाड्यात एका बाईला भुताळी ठरवली होती. झाडाला बांधून इतकी मारली की तिला पाणी पाजायलाही कोणी पुढं झालं नाय. ती मेली. माझी सून पोटुशी, परगावची, कागदाचं काहीबाही करणारी. तिला कोण सोडणार?

"घराबाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन," मी बोलली आणि देवळाकडं निघाली.

गावदेवीपुढं माणसं दाटली होती. भावल्या काठीनं उचलून सुपात ठेवल्या होत्या. नवसू भगताला पाड्यावरून बोलावून आणलं होतं. त्यानं तांदळाचे दाणे टाकले, बघितले, परत टाकले. काळूराम खांबाला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"सोडलेलं आहे," नवसू बोलला. "सोडणाऱ्याचं माणूस गावात आहे."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि अंबूबाई, जिची नजर नको तिथं हटकून जाते, ती सुपावर वाकली.

"राही, हा तुझ्या लुगड्याचा काठ नाय काय गो?"

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. सुनेला दिला होता, एवढं बोलली असती तर मी सुटली असती. तोंडाशी आलंही होतं, खोटं कशाला बोलू! जीव कोणाला प्यारा नाय? पण काळूराम उठून उभा राहिला होता, आणि त्याच्या हातात ते कागदाचं पाखरू होतं. ते चुरगळलेलं पाखरू बघितलं आणि मला समजलं, आणखी एक शब्द निघाला की हा सरळ माझ्या घरात शिरणार.

"माझाच काठ," मी बोलली. "मीच केली ती भावली. मला रांडमुंडीला काय दुखणी कमी आहेत? किन्हवलीला गेली तेव्हा सगळ्याजणी करत होत्या, मीपण केली. माझं होतं ते माझ्याच दारात आलं. तुमचं काय गेलं त्यात?"

"माझी पोरगी गेली," काळूराम बोलला.

मी पुढं झाली, पदर पसरला आणि सुपातली भावली हातानं उचलून पदरात घेतली. माणसं एकदम मागं सरकली. अंबूबाईनं डोळे मिटून घेतले. अशी उचलली की जे काय असेल ते उचलणाऱ्याला लागतं, हे मला माहीत होतं. मी काय येडी नव्हती. भावली ओली होती, तिचं पाणी माझ्या पोटावर उतरलं आणि तिथनं काटा आला तो पार मानेपर्यंत.

नवसू दाणे गोळा करत बोलला, "जिचं तिच्याकडं राहू द्या. बुधू उठला तर मिटलं."

नाय उठला तर काय, ते कोणी बोललं नाय. बाकीच्या भावल्या पुरुषांनी काठ्यांनी ढकलून परत धारेला लावल्या. पुढचं गाव बघेल त्याचं ते.

मी गोठ्यात राहायला गेली. भावलीची सावली सुंदरेवर पडायला नको. ती दारात येऊन रडायची, "आत्या, माझी आहे, मला द्या." मी तिला शेण फेकून मारलं. दुसरं काय करणार! रात्री बैल नुसता फुसकारला तरी मी उठून बसायची. आडोशाला काळूराम पहारा देत असायचा, बिडीचा ठिपका दिसायचा. बुधूच्या घरातनं रडं ऐकू येतंय का, म्हणून मी कान लावून असायची. पोटाला हात लावून बघायची, कुठं काय दुखतंय का. घाबरलेल्या माणसाला सगळीकडंच दुखतं.

देवजीला, माझ्या लेकाला, मी किन्हवलीला पिटाळलं होतं. "त्या बाईला घेऊन ये. सगळ्यांपुढं हसू दे तिला. सांगू दे, हा पोरींचा खेळ आहे, ह्यात काय नाय." त्या हसण्यावर मी जीव टांगून बसली होती. तिचं हसू मी बघितलं होतं ना, तिच्या कार्यक्रमात.

ती आली तिसऱ्या दिवशी दुपारी. चालत आली, पायाला चिखल. गोठ्याच्या दारात वाकून तिनं मला हात जोडले. मग तिला कोनाड्यातली भावली दिसली.

ती हसली नाय. ती दोन पावलं मागं गेली, तिची पाठ दाराच्या चौकटीला लागली. तोंड पार उतरलं.

"ही घरात आणायची नसते, आई," ती बोलली. मराठी अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. "कधीच आणायची नसते."

"म्हंजे खेळ नाय हा?"

"नाही. माझ्या आईने माझ्यासाठी केली होती. तिच्या आईने तिच्यासाठी." ती खाली बसली, माझ्यासमोर, शेणातच. "आमच्या गावात नदी संपते तिथेच समुद्र लागतो. खाली कोणी राहत नाही. इथे खाली कोण राहतं, हे मी कोणाला विचारलंच नाही."

तिचे डोळे भरले. आणि मला, काय सांगू, तिचा राग यायच्या ऐवजी सुटल्यासारखं वाटलं. गावात मी एकटीच भीत बसली नव्हती. आता दोघी होतो.

मग ती उठली आणि तिनं भावली उचलली. मी तिचा हात धरला. "सोडा. माझ्या अंगावर घेतलंय मी."

"चूक माझी आहे," तिनं माझा हात हलकेच सोडवला. "मी मुंबईला जाऊन समुद्रात सोडीन. तिथे पुढे कोणी नाही."

तिनं भावली आपल्या रुंद बाहीत घातली आणि बाहेर गेली. बाहेर सगळा गाव उभा होता. "ही मी शिकवली. ती माझी आहे. मी घेऊन चालले," ती बोलली. काळूरामसमोर जाऊन ती इतकी वाकली की कपाळ गुडघ्याला लागतंय असं वाटलं. त्यानं वाट सोडली. ती पांदीनं चालत गेली, एक हात बाहीवर दाबून धरलेला.

बुधूचा ताप उतरला. पेज मागून प्यायला.

मार्गशीर्षात सुंदरा मोकळी झाली. मुलगी. इतकी बोंबलली की अंबूबाईची किंकाळी परवडली! मी पोरीला पायावर घेतलं आणि खुळ्यासारखी रडली. पाचवी झाली आणि घुगऱ्या फडक्यात बांधून किन्हवलीला निघाली, म्हटलं, त्या बाईला पहिलं तोंड गोड... गोड कसलं, घुगऱ्या त्या, पण तिच्या हातावर आधी ठेवायच्या होत्या.

धर्मशाळेला कुलूप. ओसरीवर कंदिलांचे बांबू अर्धे चिरून पडलेले. झाडलोट करणारी तानी पायरीवर बसली होती.

"नेली गो तिला," ती बोलली. "जपाननं लढाई केली सरकारशी. पोलीस आले आणि आसनगावच्या ठेसनावर घेऊन गेले. कुठं नेली, कोण सांगतंय."

"मुंबईला गेली होती का ती मधे? समुद्रावर?"

"कुठची! सरकारची परवानगीच मिळत नव्हती तिला. दोनदा अर्ज केला." तानीनं आवाज खाली आणला. "पोलीस बोलले, एक बोचकं घे. तर हिनं कपडे काढून ठेवले आणि ती भावली घातली त्यात. जांभळ्या काठाची. मी बोलली, अगो बाई, थंडीचे दिवस, कपडे घे. तर बोलली, ही इथं राहिली तर कोणाला तरी लागेल."

मी पायरीवर बसली. घुगऱ्या तानीला दिल्या.

लोक सांगतात, लढाई होती, सगळ्याच जपान्यांना धरलं. असेल. मला लढाईतलं काय समजतं? नातीला न्हाऊ घालताना तिचं अंग जरा गरम लागलं की अजून मी दोन-दोनदा कपाळाला हात लावून बघते. आणि मग ती बाई डोळ्यांपुढं येते, बाहीवर हात दाबून चाललेली. वरच्यांनी आमच्यावर सोडलं, आमी तिच्या हातात जाऊ दिलं. तिच्या खाली कोणीच नव्हतं.